नंजुंडय्या सरांच्या शेवटच्या कॉपीतली चूक

चार वेळा वाचली तरी कॉपीत चूक सापडत नव्हती. शुक्रवारचे दोन वाजून गेले होते. चार वाजता पान सोडायचं होतं. आणि ज्यांना फोन करून ‘हरले सर, सांगा आता’ म्हणायचं, ते मंगळवारी सकाळीच गेले होते.

पान सोडायचं म्हणजे छपाईला पाठवायचं. कॉपी म्हणजे लेखकाने दिलेला मजकूर. आणि मी सब-एडिटर, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर वाचून त्यातल्या चुका काढणारी बाई. बंगळुरूतल्या एका इंग्रजी पेपरच्या स्पोर्ट्स डेस्कवर मी ऐन पंचविशीत चिकटले, आता रिटायरमेंटला वर्ष उरलंय. हॉकी, फुटबॉल, क्रिकेट यातलं मी आयुष्यात काहीही खेळले नाही. पण कोण कुठे चुकलंय ते मला बरोबर दिसतं. नवरा म्हणतो, हा गुण ऑफिसात ठेवून घरी येत जा.

“मॅडम, मिळाली?” थॉमसने केबिनमधून मान बाहेर काढली. थॉमस आमचा स्पोर्ट्स एडिटर. वयाने माझ्याहून बराच लहान, पण साहेब तो.

“नाही.”

“मग नसेलच. आजारी माणूस, विसरले असतील.”

“ते जेवायचं विसरतील थॉमस, बोट्टू विसरणार नाहीत.”

आता हे बोट्टू काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

नंजुंडय्या सर आमच्या पेपरात दर रविवारी कॉलम लिहायचे. मी लागले त्याच्या कितीतरी आधीपासून. प्रेस बॉक्समध्ये ते कधी बसले नाहीत. तिथे चहा-बिस्किटं मिळतात आणि मॅच दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते पब्लिकमध्ये, सिमेंटच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे, मांडीवर शेंगांचा पुडा ठेवून. गोल झाला की शेजारचा रिक्षावाला काय म्हणाला तेही त्यांच्या कॉलममध्ये यायचं. लोक रविवारी पेपर मागून उघडायचे ते त्यांच्यासाठी.

लिहायचे हातानेच. तेही कशावर, तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. आमच्याकडे कर्नाटकात पत्रिका म्हणजे तीन-चार जाड पानांचा ऐवज असतो. एका बाजूला गणपती, गुरुहिरियर म्हणजे वडीलधाऱ्यांची नावं, मुहूर्त, जेवणाची वेळ. दुसरी बाजू कोरीकरकरीत. सरांना ओळखणारं अर्धं गाव, त्यामुळे पत्रिकांना तोटा नव्हता. सुरुवातीला मी उलटून बघायचे, कोणाचं लग्न आहे बरं. पुढे सोडून दिलं. दर आठवड्याला कोणाचं तरी लग्न असणारच, त्यात काय बघायचं!

ट्रेनी असताना त्यांच्या कॉलममधली एक चूक मला दिसली होती. एका खेळाडूने हॅटट्रिक केली असं लिहिलं होतं, म्हणजे एकट्याने तीन गोल, आणि वरच स्कोअर होता दोन-शून्य. मी गप्प बसले. ते तसंच छापून आलं. सोमवारी सर डेस्कवर हजर.

“कुलकर्णी, तू वाचलं होतंस?”

“हो सर.”

“दिसलं होतं?”

“हो सर.”

“मग?”

“तुमच्या कॉपीला मी कसा हात लावणार सर?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या दारात केर टाकलाय. “माझी कॉपी काय देवळातली मूर्ती आहे, हात न लावायला?”

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी सुरू केलं. प्रत्येक कॉलममध्ये मुद्दाम एक चूक पेरायची. नाव, साल, स्कोअर, काहीही. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आपण गालाला तीट लावतो ना, त्याला कन्नडमध्ये दृष्टी बोट्टू म्हणतात. सर म्हणायचे, माझ्या कॉपीला बोट्टू लावलंय, तू शोधून पूस. शुक्रवारी साडेतीनला त्यांचा फोन यायचा. “बोट्टू सिक्ता?” सापडलं का? मी म्हणायचे, “सिक्तु सर.” सापडलं नसेल तर ते हसायचे आणि सांगायचे, “तिसऱ्या पॅरात बघ.” म्हणजे चूक छापून कधीच गेली नाही. मला सापडली असेल त्या आठवड्यात ते सोमवारी उकडलेल्या शेंगा आणायचे. सगळ्या डेस्कला. मी वजनाने वाढले ती अशी.

थॉमसला हा खेळ कधी पटला नाही. “एक दिवस हे अंगाशी येईल,” असं तो म्हणायचा. ते सांगायचं कारण, पुढे तो बरोबर ठरला आणि तसं त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही. माणूस चांगला आहे.

तर, मंगळवारी सर गेले. गुरुवारी त्यांची मुलगी शारदा ऑफिसात आली. डोळे सुजलेले, हातात पाकीट. “अक्का, अप्पांनी हे रविवारीच लिहून ठेवलं होतं,” म्हणाली. तीन पानं. अक्षर जरा हललेलं, पण त्यांचंच.

थॉमसने अख्खं पान दिलं. मध्ये शेवटचा कॉलम, बाजूला लोकांच्या आठवणी, वर फोटो, तिसऱ्या पायरीवर बसलेले सर.

कॉलम एका जुन्या फायनलबद्दल होता. तेव्हा गावात सरकारी कारखान्यांच्या फुटबॉल टीम असत आणि त्यांच्या मॅचला कारखान्याची शिफ्ट रिकामी व्हायची. त्या दिवशी दुपारपासून पाऊस. ग्राउंडचा चिखल झालेला, खेळाडूंच्या पाठीवरचे नंबर दिसेनासे झालेले. शेवटच्या पाच मिनिटांत गोलसमोर एकच गर्दी उडाली आणि मुनियप्पा नावाच्या खेळाडूने डाव्या पायाने बॉल आत घातला. पुढचं वाक्य असं होतं: ‘संध्याकाळचं ऊन तोंडावर आलं म्हणून गोलकीपरने डोळ्यांवर आडवा हात धरला, आणि हात खाली आला तेव्हा सगळं संपलं होतं.’ काय वाक्य आहे! मी ते उचलून मोठ्या टायपात फोटोखाली लावलं.

मग बोट्टू शोधायला बसले. हे गंमत म्हणून नव्हतं, एवढं ध्यानात घ्या. सर जिवंत असताना चूक राहिली तर ते साडेतीनला वाचवायचे. आता राहिली तर ती त्यांच्या शेवटच्या कॉलममध्ये, त्यांच्या फोटोखाली, कायमची राहणार. लोक म्हणणार, म्हाताऱ्याचं शेवटी डोकं चालत नव्हतं. हे मला सहन होणारं नव्हतं.

रेफ्रीचं नाव तपासलं, बरोबर. ग्राउंड बरोबर. स्कोअर बरोबर. साल बरोबर. शेवटी तळघरात गेले. तिथे जुन्या पेपरच्या बांधीव फायली असतात. एकेक फाईल उचलायची म्हणजे भरलेला कुकर उचलल्यासारखं. धुळीने शिंकत शिंकत त्या फायनलच्या दुसऱ्या दिवसाचा पेपर काढला. बातमी खुद्द नंजुंडय्या सरांचीच, नावानिशी. आणि तिथे स्पष्ट लिहिलं होतं, गोल सेल्वराजने मारला.

सेल्वराज! मुनियप्पा नव्हे!

सवातीन वाजले होते. मी तळघरातच ओरडले, “सिक्तु सर!” आणि मग मला रडू आलं. मंगळवारपासून आलं नव्हतं ते तिथे, फायलींसमोर आलं. जाता जाता माणूस माझ्याशी शेवटचा डाव खेळून गेला आणि मी जिंकले, असं वाटलं. वर आले, ‘मुनियप्पा’ खोडून ‘सेल्वराज’ केलं. चारला पाच कमी असताना पान सोडलं.

रविवारी पान झकास दिसलं. सोमवारी सकाळपासून फोन. सगळे त्या उन्हाच्या वाक्याबद्दल बोलत होते. मी आपली फुगून बसले होते.

अकराच्या सुमाराला रिसेप्शनवरून फोन आला. कोणी म्हातारे गृहस्थ आलेत, स्पोर्ट्सवाल्यांना भेटायचंय म्हणतात.

खाली गेले. सत्तरीपलीकडचे असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छत्री, आणि काखेत पेपरांचा गठ्ठा. आमचाच रविवारचा पेपर, एकसारख्या पंधरा प्रती. मला पाहून उठून उभे राहिले. कन्नडमध्येच बोलले.

“अम्मा, मी बोम्मसंद्राहून आलो. मुनियप्पा.”

मी म्हटलं, “कोण मुनियप्पा?” आणि म्हणता म्हणता मला मी खोडलेलं नाव आठवलं.

“त्या फायनलमध्ये लेफ्ट बॅक होतो.” लेफ्ट बॅक म्हणजे डावीकडून आपला गोल राखणारा. त्याने पुढे जायचं नसतं, गोल मारणं तर दूरच. “तो गोल माझा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात सेल्वराजचं नाव आलं. सरांची चूक नाही अम्मा, चिखलात आम्ही सगळे सारखेच दिसत होतो.”

“मग तेव्हा तुम्ही बोलला नाहीत?”

“बोललो की. कोण ऐकणार? पेपरात आलं होतं ना. लेफ्ट बॅक कुठे गोल मारतो, म्हणायचे. घरात सांगायचो, पोरं हसायची. आता नातवंडं हसतात. आमच्या कॉलनीत मला ‘गोल-अज्जा’ म्हणतात, चिडवायला.”

आवाजात तक्रार नव्हती. हेच मला जास्त लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“दोन महिन्यांपूर्वी नातीची पत्रिका द्यायला सरांच्या घरी गेलो,” ते पुढे सांगायला लागले. “पाया पडलो. निघताना त्यांनी एकदम विचारलं, मुनियप्पा, तू कुठल्या पायाने मारला होतास? मी म्हटलं, डाव्या. त्यांनी पत्रिका पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, मी लिहीन. आठ दिवसांपूर्वी, रविवारी त्यांचा फोन आला, लिहून झालंय, पुढच्या रविवारी पेपर बघ. मंगळवारी तर ते गेलेच. वाटलं, आता कुठलं येतंय! पण पान आलं. मी मजकूर न वाचताच पंधरा पेपर घेतले आणि कॉलनीत वाटले. आणि मग एकाने मोठ्याने वाचून दाखवलं.”

पेपर वाचून लोकांनी ते त्यांना परत आणून दिले होते. तेच पंधरा.

मी त्यांना कसंबसं खुर्चीवर बसवलं, कॉफी मागवली आणि वर पळाले. ओरिजिनल कॉपी आम्ही काही महिने ड्रॉवरमध्ये ठेवतो. काढली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पान उलटून पाहिलं.

पत्रिका बोम्मसंद्राची होती. मुनियप्पांच्या नातीचं लग्न. कोपऱ्यात सरांनी पेन्सिलने लिहिलं होतं: ‘सेल्वराजला फोन केला. तोही म्हणाला, मुनियप्पाचाच.’ खाली सेल्वराजचा नंबर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. मी तळघरात जाऊन फायली उपसत होते आणि उत्तर माझ्या हाताखालच्या कागदाच्या पाठीवर होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! सरांनी आयुष्यभरात एकदा जी दुरुस्ती केली, नेमकी तीच मी चूक समजून पुसून टाकली होती.

खाली येऊन मुनियप्पांसमोर हात जोडले. “चूक सरांची नाही, माझी आहे. त्यांनी तुमचंच नाव लिहिलं होतं, मी खोडलं.” आणि त्यांना त्यांचीच पत्रिका दाखवली.

ते पेन्सिलच्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत राहिले. मग मान हलवली. “सरी, सरी, ठीक आहे. लिहिलं होतं म्हणजे त्यांनी.” एवढंच. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “अम्मा, अजून एक. ते ऊन कुठून आलं?”

“कसलं ऊन?”

“तुम्ही मोठ्या अक्षरात छापलंय ते. त्या दिवशी कुठलं हो ऊन! दुपारी दोनपासून मॅच संपेपर्यंत पाऊस होता. आता लोक म्हणतील, गोलकीपरला दिसलंच नाही म्हणून गोल झाला. त्याला चांगलं दिसत होतं, त्याने उडीही मारली होती.”

मी म्हणणार होते, बंगळुरू आहे, पावसात ऊन पडतंच की. नशीब, तोंड आवरलं.

वर येऊन पेन्सिलच्या नंबरवर फोन लावला. सेल्वराज आता कोइंबतूरला मुलाकडे असतात. आवाज खणखणीत. मी विचारलं तसे लगेच म्हणाले, “मुनियप्पाचाच गोल. मी तर चिखलात आडवा पडलो होतो.”

“मग तेव्हा सांगितलं का नाही सर?”

“पेपरात आलं होतं ना,” ते म्हणाले. “पुढच्या आठवड्यात राज्याच्या टीमची निवड होती. त्या वयात एवढं मन मोठं नसतं मॅडम. तुम्ही छापा आता. माझं नाव घालून छापा.”

संध्याकाळी घरी जाताना चामराजपेटेत शारदाकडे गेले. आम्ही एकाच पेटेतल्या. आमचं घराणं चार पिढ्या इथलंच, त्यामुळे पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात. मी ‘स्वल्प थांब’ म्हटलं की मला ते पुन्हा म्हणायला लावतात. सरांचं घर आमच्या घरामागे तीन गल्ल्या. शारदाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती उठली आणि कपाटातून एक वही घेऊन आली.

“अक्का, मला वाटलं अप्पांचा हिशेब असेल. काही कळेना. तुम्हीच बघा.”

वहीत दर आठवड्याची एक ओळ, तारखेसकट. बोट्टूची नोंद! ‘रेफ्रीचं नाव.’ ‘स्कोअर.’ ‘साल.’ पुढे टिक केलेली, म्हणजे कुलकर्णीला सापडलं. कुठे टिकच्या जागी फुली. फुल्या फार नव्हत्या, हे आपलं सांगून ठेवते.

शेवटच्या पानावर शेवटची ओळ होती: ‘ऊन.’ पुढची जागा रिकामी.

म्हणजे खरं बोट्टू ते होतं. मी मोठ्या टायपात फोटोखाली लावलेलं. वाक्य सुंदर होतं म्हणून मला त्याचा संशयच आला नाही, आणि सेल्वराज सापडल्यावर तर मी शोधणंच थांबवलं होतं. खरं खोडलं आणि खोटं सजवलं. कमाल केली म्हणायची!

मग मी वही पहिल्या पानापासून चाळली. पहिली नोंद मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीची होती. त्या फायनलच्या दुसऱ्या दिवसाची. एकच शब्द: ‘सेल्वराज?’ पुढे प्रश्नचिन्ह. टिक नाही, फुली नाही. आणि मग मधली कितीतरी पानं कोरी, थेट माझ्या हॅटट्रिकच्या आठवड्यापर्यंत.

मला कुतूहल होतं ते हेच. हा माणूस दर आठवड्याला स्वतःच्या कॉपीत खड्डे का खणतो? इतकी वर्षं मला वाटायचं, आम्हाला शिकवायला. ते तर होतंच. पण एकदा त्यांच्याच हातून शंका असताना बातमी गेली होती आणि डेस्कवर कोणी विचारलं नव्हतं, कारण नंजुंडय्यांची कॉपी! त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

“एक फोन करायला एवढी वर्षं लागली?” माझ्या तोंडून निघून गेलं. रागच आला होता मला. ज्या माणसावर आपला एवढा जीव, त्याच्यावरच येतो तसला.

शारदा म्हणाली, “लिहितानासुद्धा तीन वेळा फाडलं अक्का. ‘माझी चूक झाली’ असं आधी लिहिलं होतं, ते फाडलं. म्हणाले, नुसतं बरोबर नाव लिहितो. कुलकर्णी फोनवर विचारेलच, तेव्हा सांगतो तिला, हे बोट्टू नाही म्हणून.”

शुक्रवारी साडेतीनच्या फोनवर सांगणार होते. तो फोन आला असता तर सगळं सरळ झालं असतं. मी वही मिटून मांडीवर धरून बसले. शारदाने कॉफी दिली ती तशीच निवली.

दुसऱ्या दिवशी थॉमसच्या केबिनमध्ये.

“करेक्शन टाकू,” तो म्हणाला. “पान दोन, खाली, तीन ओळी. नेहमीसारखं.” करेक्शन म्हणजे पेपरने आपली चूक मान्य करणं. ते आम्ही इतक्या बारीक टायपात छापतो की ज्याची चूक झाली त्यालाही शोधावं लागतं.

“तीन ओळी नाही. सरांच्या कॉलमच्या जागी. त्याच रुंदीत.”

“मॅडम, माणूस जाऊन आठ दिवस नाही झाले. आपण छापायचं की त्याची जुनी बातमी चुकली होती? वाचक मला सोलून काढतील.”

“त्यांनी स्वतः दुरुस्त केलं होतं थॉमस. हे बघ, त्यांच्या हातचं. ते खोडलं मी. सरांची चूक जुनी, माझी ताजी आहे. माझं नाव टाक.”

“सब-एडिटरचं नाव आपण कधी छापत नाही.”

“माहितीय. आजवर मीही छापलेलं नाही.”

तो पेन्सिलची ओळ बघत बसला. सेल्वराजचं बोलणं मी लिहून आणलं होतं, ते वाचलं. आमच्या धंद्यात एकाचं ऐकून छापत नाहीत, दोघांचं लागतं. इथे तिघं होते, त्यातले एक वारलेले.

“ऊनही दुरुस्त करायचं का?” शेवटी त्याने विचारलं.

“ते तर आधी. मुनियप्पांचा खास आग्रह आहे.”

“पण ते तर सरांनी मुद्दाम पेरलं होतं. ते वाचकांना कसं सांगणार?”

“जसं आहे तसं. आवडेल त्यांना.”

पुढच्या रविवारी कॉलमच्या जागी, त्याच रुंदीत, मी लिहिलं. छोटंच. फायनलमधला गोल मुनियप्पांनी डाव्या पायाने मारला होता. नंजुंडय्या सरांनी शेवटच्या कॉलममध्ये तसं लिहिलं होतं, ते मी चूक समजून बदललं. पाऊस पूर्ण मॅचभर होता, ऊन नव्हतं, गोलकीपरला सगळं दिसत होतं आणि त्याने उडी मारली होती. बोट्टूची गोष्टही लिहिली. खाली माझं नाव. नोकरीची सगळी वर्षं मिळून पेपरात माझं नाव एकदाच आलं, ते चुकीखाली. नवऱ्याने ते पान कापून ठेवलंय, कशासाठी ते विचारलं तर हसतो.

थॉमसला वाचकांनी सोलून वगैरे काढलं नाही. उलट पत्रं आली. एकाने लिहिलं होतं, ऊन मला तेव्हाच खटकलं होतं, पण सरांचं वाक्य म्हणून बोललो नाही. मी ते पत्र डेस्कच्या बोर्डावर टाचलं.

त्याच रविवारी सकाळी बोम्मसंद्राहून फोन आला होता. मागे बराच गलका होता.

“अम्मा, आलं. यावेळी आधी स्वतः वाचलं, मग वाटलं.”

“कॉलनीत काय म्हणतात?”

“अजून गोल-अज्जाच म्हणतात.” ते हसले. “पण आता नातू विचारतोय, बॉल नेमका कुठून आला होता. तीन वेळा सांगून झालं. चौथ्यांदा सांगायला बोलावतोय, ठेवू का?”

मी म्हटलं, ठेवा, ठेवा.

वही शारदाने मलाच दिली. पहिल्या पानावरच्या ‘सेल्वराज?’पुढे मी टिक केली. त्या एका नोंदीचा निकाल लागायचा होता, तो लागला. शेवटच्या ‘ऊन’पुढे मात्र फुली मारली. ते मला सापडलं नव्हतं, मुनियप्पांना सापडलं होतं, आणि सरांच्या वहीत लबाडी कशाला! सोमवारी उकडलेल्या शेंगा मीच विकत आणून डेस्कला वाटल्या.

आता डेस्कवर कोणी नवीन पोरगी ‘मॅडम, चूक सापडली!’ म्हणून उड्या मारत आली की मी दोनच गोष्टी विचारते. दुसरी सापडली का? आणि कागद उलटून पाहिलास का?